श्रद्धेमुळे समृद्धी येते का?

इंदूरमध्ये वाढलेल्या माणसाने या प्रश्नाची दोन ठाम उत्तरे लहानपणापासून ऐकलेली असतात. ज्या समाजात देवधर्म नीट पाळला जातो त्या समाजावर लक्ष्मी प्रसन्न असते, असे एक उत्तर. आणि त्याला पुरावा म्हणून सराफ्यातल्या जैन पेढ्यांकडे किंवा सियागंजातल्या बोहरा दुकानांकडे बोट दाखवले जाते. दुसरे उत्तर याच्या अगदी उलट असते. देवधर्मात वेळ आणि पैसा गेला म्हणून आपण मागे राहिलो, आणि ज्या देशांनी धर्म बाजूला ठेवला ते पुढे गेले, असे सांगणारी माणसेही प्रत्येक घरात असतात. दोन्ही बाजूंची माणसे डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी सांगत असल्यामुळे त्यांचे म्हणणे सहज मोडीत काढता येत नाही. मात्र दोन्ही उत्तरांत एक जागा रिकामी राहते: मनातल्या श्रद्धेपासून हातातल्या पैशापर्यंतची वाट कोणती, हे कोणीच सांगत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत समाजशास्त्रज्ञांनी आणि अर्थतज्ज्ञांनी या वाटांचाच शोध घेतला आहे, आणि त्यांना सापडलेल्या वाटांपैकी बऱ्याच आपल्या शहराच्या बाजारातूनही जातात.

या चर्चेची सुरुवात बहुतेक वेळा माक्स वेबर या जर्मन विचारवंतापासून होते. १९०४-०५ मध्ये त्यांनी एक दीर्घ निबंध दोन भागांत प्रसिद्ध केला. जर्मनीतल्या बाडेन प्रांतात कारखानदार, भांडवलदार आणि कुशल कामगार यांमध्ये प्रोटेस्टंट लोकांचे प्रमाण कॅथलिकांपेक्षा जास्त का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे की प्रोटेस्टंट पंथातल्या कॅल्व्हिनवादी शाखेत कोणाला मोक्ष मिळणार हे ईश्वराने आधीच ठरवलेले असते आणि माणसाला ते कळण्याचा मार्ग नसतो. ही अनिश्चितता असह्य असल्यामुळे आपल्या कामात येणारे यश हीच ईश्वरी कृपेची खूण, अशी समजूत त्या लोकांत रुजली. काम ही उपासना ठरली, चैन मात्र निषिद्धच राहिली. रात्रंदिवस कमवायचे आणि उधळायचे मात्र नाही, असे ठरल्यावर पैसा साठतो, आणि साठलेला पैसा पुन्हा धंद्यात जातो. वेबर यांच्या मते आधुनिक भांडवलशाहीची वृत्ती घडण्यात या शिस्तीचा मोठा हात होता. केवळ धर्मामुळे भांडवलशाही जन्मली, असे त्यांनी कधीच म्हटले नव्हते; त्यांच्या नावावर हे सोपे वाक्य पुढच्या लोकांनी चढवले.

हा विचार मोहक आहे, कारण त्यात श्रद्धा थेट माणसाच्या वागण्यात उतरते आणि वागणे थेट तिजोरीत. तो आकडेवारीवर तपासला गेला तेव्हा मात्र चित्र बदलले. साशा बेकर आणि लुडगर वोसमन या दोन अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियाच्या, म्हणजे जर्मनीतल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या राज्याच्या, जिल्ह्यांची माहिती तपासली. प्रोटेस्टंट जिल्हे अधिक संपन्न होते, इथपर्यंत वेबर बरोबर ठरले. पण त्या जिल्ह्यांत साक्षरताही अधिक होती, आणि साक्षरतेचा परिणाम हिशेबात धरल्यावर पंथामुळे उरणारा फरक जवळजवळ नाहीसा झाला. यामागचे कारण साधे आहे. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे असा मार्टिन ल्यूथर यांचा आग्रह होता, त्यासाठी गावोगाव शाळा हव्या होत्या, आणि बायबल वाचायला शिकलेला मुलगा पुढे करारपत्र, हिशेबाची वही आणि यंत्राची माहितीपुस्तिकाही वाचू शकला. म्हणजे फायदा झाला तो अक्षरांचा. धर्माने त्या अक्षरांकडे जाण्याची सक्ती केली. डाव्हिडे कान्टोनी यांनी तर १३०० ते १९०० या सहाशे वर्षांतल्या २७२ जर्मन शहरांची वाढ मोजली, आणि प्रोटेस्टंट झालेली शहरे इतरांपेक्षा वेगाने वाढल्याचे त्यांना आढळले नाही.

यहुदी समाजाच्या इतिहासातही हीच वाट दिसते, आणि ती कितीतरी जुनी आहे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतर त्या धर्माचे केंद्र बळी आणि विधींकडून ग्रंथवाचनाकडे सरकले, आणि मुलाला तोरा हा धर्मग्रंथ वाचायला शिकवणे हे बापाचे धार्मिक कर्तव्य बनले. मारिस्टेला बोत्तिचिनी आणि झ्वी एकस्टाइन या अभ्यासकांची मांडणी अशी की बहुतेक लोक शेतकरी होते तेव्हा हे कर्तव्य महाग पडत असे, कारण नांगर धरणाऱ्याला वाचनाचा व्यवहारात काही उपयोग नव्हता. कित्येकांनी तो धर्मच सोडला. जे उरले ते साक्षर होते, आणि पुढच्या काही शतकांत बगदादसारखी शहरे व्यापाराने फुलली तेव्हा पत्रव्यवहार, सावकारी, वैद्यकी अशा कामांसाठी हेच लोक तयार होते. धर्माने त्यांना व्यापारी केले नाही. पण व्यापाराची वेळ आली तेव्हा त्यांच्या हाती लेखणी होती.

आता आपल्या जैन समाजाकडे या नजरेने पाहू. २००१च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के होती आणि जैनांची ९४.१ टक्के. लोकसंख्येत जेमतेम ०.४ टक्के असलेल्या समाजाची व्यापारात एवढी वट का, याचे निम्मे उत्तर या एका आकड्यात आहे. उरलेल्या निम्म्यासाठी अहिंसेचे तत्त्व पुढे केले जाते: जमीन नांगरताना जीव मरतात म्हणून जैनांनी शेती टाळली आणि ते व्यापारात आले. हे ऐकायला पटते, पण मराठी वाचकाने ते ऐकून लगेच मान डोलवू नये. सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव भागात पिढ्यानपिढ्या शेती करणारा मोठा जैन समाज आहे. त्यांचे तीर्थंकर तेच, त्यांचा णमोकार मंत्र तोच, आणि तरीही ते ऊस आणि तंबाखू पिकवतात. तत्त्व एकच असताना एका प्रदेशात ते माणसाला पेढीवर बसवते आणि दुसऱ्या प्रदेशात त्याच्या नांगराला आडवे येत नाही. तेव्हा सगळे श्रेय तत्त्वाला देता येणार नाही. जमीन कोणाकडे होती, व्यापाराचे रस्ते कुठून जात होते, वडील काय करत होते, या गोष्टी तत्त्वाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर इंदूरच्या मराठी घरांचेच घ्यावे. अठराव्या शतकात होळकरांबरोबर आणि त्यांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे माळव्यात आली, ती शिपाई, कारकून, फडणीस, पुजारी, वैद्य आणि पुढे शिक्षक, वकील, इंजिनीअर म्हणून स्थिरावली. त्याच शहरात माहेश्वरी आणि अग्रवाल कुटुंबांनी गाद्या घातल्या. दिवाळीच्या संध्याकाळी दोन्हीकडे लक्ष्मीपूजनच होते. आमच्याकडे चौरंगावर लक्ष्मीची तसबीर, तिच्यापुढे लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी आणि घरातले दागिने मांडले जातात. पलीकडच्या गल्लीत त्याच मुहूर्तावर लाल कापडात बांधलेल्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढून शुभ-लाभ लिहिले जाते. देवी एक, तिथी एक, मागणेही बहुधा एकच. तरीही एका घरातला मुलगा बँकेच्या परीक्षेला बसला आणि दुसऱ्या घरातला दुकानावर. हा फरक श्रद्धेने पडला असे म्हणायला काही आधार नाही. एका घराकडे दरबारच्या चाकरीची परंपरा आणि शिक्षण होते, दुसऱ्याकडे भांडवल, आडतीचे ज्ञान आणि मारवाडपासून मुंबईपर्यंत पसरलेली नातीगोती होती. धर्म आणि समृद्धी यांचा विचार करताना मला हा शेजार फार मोलाचा वाटतो, कारण धर्म कायम ठेवून बाकी गोष्टी बदलल्या तर काय होते, याचा इतका उघड नमुना सहसा पाहायला मिळत नाही.

विश्वासाचे भांडवल

श्रद्धेची दुसरी वाट विश्वासातून जाते, आणि बाजाराच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची असावी. ज्या काळात न्यायालये दूर होती, बँका नव्हत्या आणि माल महिनाभर प्रवास करून पोहोचत असे, त्या काळात उधार कोणाला द्यायचे हा व्यापारातला मुख्य प्रश्न होता. हुंडी लिहून देणारा माणूस पैसे बुडवणार नाही, हे कशावरून समजायचे? तो आपल्याच मंदिरात येतो, आपल्याच पंगतीत बसतो, त्याच्या मुलीचे लग्न आपल्याच समाजात व्हायचे आहे, आणि त्याने एकाला फसवले तर आठवडाभरात दहा गावांत ते कळेल, या जाणिवेवर ती पत उभी असे. धर्म इथे ओळख, पाळत आणि शिक्षा या तिन्ही कामांना उपयोगी पडतो.

लॉरेन्स आयनाकोन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात यातला एक कोडे वाटणारा भाग उलगडून दाखवला. काही पंथ आपल्या लोकांवर कडक बंधने घालतात: खाण्याचे नियम, वेगळा पोशाख, उपवास, ठरावीक वेळी हजेरी. बाहेरून पाहणाऱ्याला ही बंधने निव्वळ नुकसानीची वाटतात. आयनाकोन यांचे म्हणणे असे की ही बंधनेच गाळणीचे काम करतात. ज्याला समाजाचे फायदे हवेत पण त्याच्यासाठी काही करायचे नाही, असा माणूस एवढे नियम पाळणार नाही आणि आपोआप गळून जाईल. उरलेले लोक एकमेकांवर निर्धास्तपणे विसंबू शकतात. दाऊदी बोहरा समाजात कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्जाची जी व्यवस्था चालते, ती समजून घ्यायला हा विचार उपयोगी पडतो. व्याज नाही म्हटल्यावर कर्ज बुडण्याचा धोका वाढायला हवा. पण कर्ज घेणारा ज्या समाजात जन्मभर राहणार आहे त्याच समाजाच्या पैशातून ते दिलेले असते, आणि ते बुडवण्याची किंमत व्याजापेक्षा कितीतरी मोठी असते. सियागंजच्या घाऊक बाजारात नव्याने दुकान थाटणाऱ्या तरुणासाठी अशा कर्जाचा अर्थ काय असतो, हे बँकेच्या दारात जामीनदार शोधत फिरलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांच्या वहीत याच वाटेवरचा आणखी एक मुक्काम आढळतो, तो म्हणजे धर्मादा खाते. प्रत्येक सौद्यावर ग्राहकाकडून मालाच्या किमतीबरोबर थोडीशी रक्कम धर्मादा म्हणून घ्यायची, ती नफ्यात न मिसळता वेगळ्या खात्यावर जमा करायची, आणि त्यातून धर्मशाळा, पाणपोई, गोशाळा, औषधालय चालवायचे, अशी ही रीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हाथरसच्या एका सूतगिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा पैसा व्यापाऱ्याचे उत्पन्न धरता येणार नाही असा निकाल दिला, कारण तो पहिल्या क्षणापासून दानासाठीच घेतलेला असतो. धर्मादा खात्याने पुण्य किती मिळाले हे मोजता येणार नाही, पण त्याने पेढीचे नाव झाले, बाहेरगावच्या व्यापाऱ्याला उतरायला जागा मिळाली आणि बाजाराला पाणी मिळाले, या तिन्ही गोष्टी व्यापाराला उपकारक होत्या.

या विश्वासाची दुसरी बाजूही स्पष्टपणे सांगायला हवी. जे वर्तुळ आतल्या माणसाला सहज उधार देते, तेच बाहेरच्या माणसाला दारात उभे ठेवते. ज्या जातींना ना अशा पेढ्यांमध्ये जागा होती, ना मंदिरात प्रवेश, त्यांच्यासाठी ही सारी पतव्यवस्था बंद दाराआडची होती, आणि त्यांच्या गरिबीचे स्पष्टीकरण त्यांच्या श्रद्धेत शोधणे हा अन्याय आहे. आतल्या माणसांची समृद्धी आणि बाहेरच्यांची अडवणूक ही एकाच व्यवस्थेची दोन फळे होती.

धर्माने जोडलेले जाळे वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनाही कधीकधी एकमेकांच्या गरजेचे करून ठेवते. सौमित्र झा यांनी भारताच्या किनाऱ्यावरच्या मध्ययुगीन बंदरांचा अभ्यास केला आहे. हजयात्रेमुळे मुसलमान व्यापाऱ्यांचे जे समुद्रापारचे जाळे तयार झाले होते, ते स्थानिक हिंदू व्यापाऱ्याला हिरावून घेता येण्याजोगे नव्हते आणि स्वतः उभारता येण्याजोगेही नव्हते. म्हणून दोघांना एकमेकांशी जुळवून घेण्यात फायदा होता. अशा बंदरांच्या गावांत १८५० ते १९५० या काळात हिंदू-मुसलमान दंगली इतर ठिकाणांपेक्षा कमी झाल्या, असे त्यांना आढळले. ज्या शहरात दंगल कमी तिथे दुकान जास्त दिवस उघडे राहते, एवढे तर कोणालाही मान्य व्हावे.

वेळ, पैसा आणि पंचांग

धर्म माणसाचा वेळ घेतो आणि पैसाही घेतो. त्याचा आर्थिक परिणाम मोजणे अवघड असते, कारण जास्त धार्मिक आणि कमी धार्मिक लोकांत इतरही शंभर फरक असतात. फिलिपे कॅम्पान्टे आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये त्यावर एक सुंदर तोड काढली. रमजानचा महिना चांद्र कालगणनेमुळे दरवर्षी ऋतूंमधून सरकत जातो, त्यामुळे एकाच देशात काही वर्षे रोजा लांबलचक दिवसांत येतो आणि काही वर्षे आखूड दिवसांत. धर्म तोच, लोक तेच, फक्त उपवासाचे तास बदलतात. जिथे तास वाढले तिथे मुस्लिम देशांच्या आर्थिक वाढीचा वेग मंदावला. पण त्याच लोकांनी आपण अधिक समाधानी असल्याचेही सांगितले. माणसे धर्म पाळताना काहीतरी किंमत मोजतात आणि त्या बदल्यात त्यांना काहीतरी मिळते, हे यातून दिसते. जे मिळते ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात येत नाही, म्हणून ते नाहीच असे मानणे चुकीचे आहे.

सण कोणत्या दिवशी येतो यालाही महत्त्व असते. मेक्सिकोमध्ये प्रत्येक गावाच्या संताचा उत्सव ठरलेल्या तारखेला होतो, आणि ज्या गावांत ती तारीख पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत येते ती गावे इतरांपेक्षा गरीब राहिली, असे एदुआर्दो मॉन्तेरो आणि डीन यांग यांच्या अभ्यासात आढळले. ज्या वेळी हातात भांडवल हवे असते त्याच वेळी ते उत्सवात खर्च होते. माळव्यातल्या शेतकऱ्याचे पंचांग या बाबतीत बरे म्हणायला हवे. सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते, ते बाजार समितीत विकले जाते आणि मग दिवाळी येते. अर्थात त्यानंतर लगेच गहू-हरभऱ्याच्या पेरणीसाठी बी-खत घ्यायचे असते, आणि सणात हात सैल सुटला तर तो खर्च उसनवारीवर जातो, हे माळव्यातले प्रत्येक कुटुंब जाणते.

धार्मिक खर्च म्हटला की तो वाया गेला असे समजण्याची घाई करू नये, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात राज्य केले. काशी, सोमनाथ, गया अशा कितीतरी ठिकाणी त्यांनी मंदिरे आणि घाट बांधले, धर्मशाळा आणि विहिरी उभारल्या. होळकरांच्या कारभारात राज्याची दौलत आणि राण्यांची खासगी ही दोन वेगळी खाती होती, आणि अहिल्याबाईंचा धर्मकार्यावरचा खर्च मुख्यतः खासगीतून होत असे. राज्याचा महसूल आणि शासनकर्त्याचे पुण्य यांच्यात अशी रेषा असणे हीच मोठी आर्थिक शिस्त आहे. शिवाय घाट, विहीर आणि धर्मशाळा यांचा उपयोग यात्रेकरूंइतकाच व्यापाऱ्यांना आणि लमाणांच्या तांड्यांनाही झाला असणार. त्यांनी राजधानी महेश्वरला नेली आणि तिथे विणकरांना आश्रय दिला. नर्मदेकाठच्या त्या मागांवर विणली जाणारी माहेश्वरी साडी आजही शेकडो घरांची चूल पेटवते. या कामात श्रद्धा किती आणि राज्यकारभाराची समज किती, हे वेगळे काढणे मला शक्य वाटत नाही, आणि अहिल्याबाईंनाही तसे करावेसे वाटले नसते.

इंदूर शहराच्या भरभराटीचे श्रेय मात्र केवळ श्रद्धेला देता येत नाही. इंग्रजांबरोबर झालेल्या १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, शांतता आली, आणि व्यापारी इथे वस्तीला आले. काळ्या मातीत कापूस आणि अफू होत होती. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे आणि तिच्यावर कित्येक पेढ्या मोठ्या झाल्या. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने एक कोटी रुपये कर्ज दिले. त्या रेल्वेने कापसाला बाजार मिळाला आणि गिरण्यांना वाट. सर सेठ हुकुमचंद यांच्यासारखा कापसाचा व्यापारी या परिस्थितीत गिरणीमालक झाला आणि त्याच पैशातून इतवारिया बाजारातले काच मंदिर उभे राहिले. भिंती, छत, खांब, जमीन, सगळीकडे आरसे आणि रंगीत काच असलेल्या त्या मंदिरात उभे राहिले की श्रद्धेने समृद्धी आणली असे वाटू लागते. कालक्रम पाहिला तर तिथे समृद्धीने श्रद्धेला घर बांधून दिले आहे.

एका धर्मावर संपूर्ण देशाची प्रगती टांगण्याचे प्रयत्न का फसतात, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत आपली अर्थव्यवस्था वर्षाला साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढत होती, आणि १९७०च्या दशकात राज कृष्ण या अर्थतज्ज्ञांनी त्या वेगाला ‘हिंदू वाढीचा दर’ असे नाव दिले. ते नाव इतके पसरले की कर्मसिद्धान्त आणि वैराग्य यांमुळेच भारत गरीब आहे, असे गंभीरपणे लिहिले जाऊ लागले. पुढे परवाने सैल झाले, १९९१ मध्ये आर्थिक सुधारणा आल्या आणि वाढीचा दर सहा-सात टक्क्यांवर गेला. मधल्या काळात देशाने धर्म बदलला नव्हता. चीन आणि कोरियाच्या बाबतीतही हेच घडले: कन्फ्यूशियसच्या शिकवणीमुळे चीनमध्ये भांडवलशाही रुजली नाही असे वेबर यांचे मत होते, आणि कोरिया, तैवान, सिंगापूर यांनी मुसंडी मारल्यावर त्याच शिकवणीला यशाचे श्रेय दिले गेले. जे कारण अपयशालाही लागू पडते आणि यशालाही, ते कारण म्हणून फारसे कामाचे नाही. आपल्या परंपरेत तर दोन्ही प्रकारची वचने हवी तेवढी सापडतात. चार पुरुषार्थांत अर्थ आहे आणि मोक्षही आहे. स्वतः दुकानदाराच्या घरात जन्मलेले तुकोबा उत्तम व्यवहाराने धन जोडायला सांगतात आणि उदास मनाने ते वेचायलाही सांगतात.

इस्लामबद्दल तर हा घाईचा निष्कर्ष आपल्याकडे रोज ऐकू येतो आणि त्याने माणसे दुखावतात, म्हणून त्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. तिमूर कुरान या अभ्यासकांनी मध्यपूर्वेच्या मागे पडण्याची जी कारणे दिली आहेत त्यांत श्रद्धेला जवळजवळ स्थान नाही. ती कायद्याची कारणे आहेत. वारसाहक्काच्या नियमांनी संपत्ती अनेक वाटेकऱ्यांत विभागली जाई, भागीदारांपैकी एक वारला की भागीदारी मोडे, आणि वक्फला, म्हणजे धर्मादाय कामासाठी कायमच्या राखून ठेवलेल्या मालमत्तेला, बदलत्या काळानुसार आपला उद्देश बदलता येत नसे. त्यामुळे पिढ्यानपिढ्या टिकणाऱ्या मोठ्या कंपन्या तिथे उभ्या राहिल्या नाहीत. कायदे बदलता येतात, आणि ते बदललेही गेले. आपल्या देशात २००१ मध्ये मुसलमानांची साक्षरता ५९.१ टक्के, म्हणजे राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी होती. याच देशात केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात सुमारे ७० टक्के लोक मुसलमान आहेत आणि २०११ च्या जनगणनेत त्या जिल्ह्याची साक्षरता ९३ टक्क्यांच्या वर होती, तर देशाची जेमतेम ७३. नमाज दोन्हीकडे पाच वेळाच होते. केरळमध्ये शाळा जवळ होत्या, समाजातल्या सुधारकांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून शिक्षणाचा आग्रह धरला होता, आणि १९७०च्या दशकापासून आखाती देशांतून पैसा येऊ लागला.

उलटी वाट

आतापर्यंत श्रद्धेकडून पैशाकडे जाणाऱ्या वाटा पाहिल्या. पैशाकडून श्रद्धेकडे येणारी वाट तितकीच वाहती आहे. पिपा नॉरिस आणि रॉनल्ड इंगलहार्ट यांनी मांडले आहे की ज्या देशांत आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांची धास्ती कमी होते, तिथे धर्माचे रोजच्या आयुष्यातले स्थानही कमी होत जाते. १९९७-९८ मध्ये इंडोनेशियाचे चलन कोसळले तेव्हा डॅनियल चेन यांनी याची दुसरी बाजू टिपली. ज्या कुटुंबांना जास्त झळ बसली ती कुराणपठणाच्या वर्गांना अधिक जाऊ लागली, कारण अडीअडचणीला मदत तिथल्याच लोकांकडून मिळत होती. आणि ज्या भागांत कर्ज सहज मिळत होते तिथे ही वाढ बरीच कमी होती. मशीद तिथे काही अंशी विम्याचे काम करत होती.

भारताला मात्र हा नियम जसाच्या तसा लागू पडलेला नाही. २०१९-२० मध्ये प्यू या अमेरिकी संस्थेने जवळपास ३०,००० भारतीयांची पाहणी केली, त्यात ९७ टक्के लोकांनी आपला ईश्वरावर विश्वास असल्याचे सांगितले. आणि ही पाहणी वेगवान आर्थिक वाढीच्या तीन दशकांनंतरची आहे. माझ्या समजुतीप्रमाणे याचे एक कारण असे की आपल्याकडे उत्पन्न वाढले तरी सुरक्षितता त्या मानाने वाढली नाही. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि तिच्या कामगारांना थकलेल्या देण्याचा २२४ कोटींचा धनादेश निघायला डिसेंबर २०२३ उजाडले. या सबंध काळात अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या बंद गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, वर्गणी आणि देणग्यांवर निघतच राहिल्या. गिरणीची पगारपत्रके थांबली, पण कामगारांना एकत्र ठेवणारे मंडळ थांबले नाही. दुसरे कारण म्हणजे वाढलेल्या उत्पन्नातला काही भाग यात्रेवर खर्च होतो, आणि तो खर्च हेच आता कोणाचे तरी उत्पन्न आहे. उज्जैन इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी तिथल्या महाकाल मंदिराभोवती उभारलेल्या ‘महाकाल लोक’ या परिसराच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून हॉटेल, टॅक्सी, हार-फुले, पेढे यांचा धंदा किती फोफावला हे दोन्ही शहरांतली माणसे पाहत आहेत. रस्ता आणि इमारती सरकारी पैशातून झाल्या, गर्दी श्रद्धेने आणली. २०२८ च्या सिंहस्थाची कामे आता सुरू आहेत. त्या पैशातून हार विकणाऱ्या बाईचे उत्पन्न किती वाढते, जागांचे भाडे वाढल्यावर तिची टोपली मंदिराजवळ राहते की दूर ढकलली जाते, आणि मेळा संपल्यावर वर्षभर काम उरते की नाही, हे आधी आणि नंतर असे दोनदा मोजले गेले, तर या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी प्रशियाच्या जिल्ह्यांपर्यंत जावे लागणार नाही.